ताप एक, तऱ्हा दोन

विदर्भात हिवतापाविषयी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येते : 'ताप डोक्यात गेला.' पोर दोन दिवस तापाने फणफणत असते. तिसऱ्या दिवशी झटके येतात, डोळे फिरतात, शुद्ध हरपते. त्याच घरात, त्याच डासांच्या संगतीत झोपणारे त्याचे भावंड मात्र चार दिवस कण्हून-कुथून पुन्हा अंगणात खेळू लागते. जंतू तोच, डास तेच, घर तेच. मग एकाचा ताप डोक्यात का जातो आणि दुसऱ्याचा का जात नाही?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तुकड्यातुकड्यांनी हाती आले आहे आणि ते अजून पुरे झालेले नाही. मी डॉक्टर नाही. वर्धा जिल्ह्यात राहून मिळतील ते शोधनिबंध आणि जुने अहवाल वाचत, अडले तिथे जाणत्यांना विचारत हा विषय समजून घेत आलो आहे. हे तुकडे एकमेकांशी कसे जुळतात आणि आपल्या भागासाठी त्यांचा अर्थ काय, एवढेच इथे मांडायचे आहे.

सेगावचा ताप

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. पहिलाच पावसाळा सरत असताना, सप्टेंबरात त्यांना हिवतापाने गाठले आणि उपचारासाठी वर्ध्याच्या दवाखान्यात हलवावे लागले. १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. पुढे १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेत ते पुन्हा हिवतापाने आजारी पडले आणि ६ मे रोजी प्रकृतीच्या कारणावरून त्यांची सुटका झाली.

हा इतिहास सर्वपरिचित आहे. आपल्या विषयासाठी त्यातली एक गोष्ट महत्त्वाची : हिवताप एकाच माणसाला पुन्हा होऊ शकतो. गोवर एकदा येऊन गेला की सहसा आयुष्यभर फिरकत नाही. देवीचेही तसेच होते. शरीर त्या रोगाची ओळख ठेवते आणि दारातूनच परत पाठवते. हिवतापाच्या बाबतीत ही ओळख कच्ची राहते. का राहते, हे कळले की मुलांच्या आजाराची निम्मी उकल होते.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन जातींचे परजीवी आढळतात. व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनंतरही ताप परत आणतो. फाल्सिपेरम यकृतात असा दडून राहत नाही, पण मेंदूचा हिवताप बहुतांशी त्याच्यामुळेच होतो. पुढचे विवेचन मुख्यतः या दुसऱ्याचे आहे.

रक्तातली जमापुंजी

१९०० च्या सुमारास रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने जावा आणि न्यू गिनी येथील गावांत रक्त तपासले. हिवताप बारमाही असलेल्या वस्त्यांत लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर सापडत, प्रौढांच्या रक्तात क्वचित. म्हणजे वारंवार आजारी पडत पडत माणूस काहीतरी कमावत होता. हे 'काहीतरी' रक्तात असते, याचा पुरावा मिळायला १९६१ साल उजाडले. सिडनी कोहेन, इयान मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या गांबिया देशात वर्षानुवर्षे हिवताप सोसलेल्या प्रौढांच्या रक्तातून प्रतिपिंडे वेगळी काढली आणि तापाने आजारी असलेल्या मुलांना टोचली. मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. प्रतिपिंडे म्हणजे शरीराने परक्या प्रथिनांवर टाकण्यासाठी घडवलेले आकडे. प्रौढांनी घडवलेले आकडे मुलांच्या कामी आले.

नवजात बाळालाही अशीच उधारी मिळते. आईची प्रतिपिंडे नाळेतून त्याच्याकडे येतात. बाळाच्या रक्तातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिनही परजीवीला फारसे मानवत नाही. त्यामुळे पहिले काही महिने बाळ बरेचसे सुरक्षित असते. मग आईची शिदोरी संपते आणि स्वतःची अजून जमलेली नसते. हिवतापाच्या प्रदेशात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचे वय सर्वाधिक धोक्याचे ठरते ते म्हणून.

साठ मुखवटे

फाल्सिपेरम आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि सुमारे ४८ तासांत तिथे वाढून, विभागून, पेशी फोडून बाहेर पडतो. त्याची खरी अडचण प्लीहा ही असते. प्लीहा हे रक्ताचे गाळणे आहे. आतून कडक झालेली, बिघडलेली पेशी तिथून फिरत गेली की ती काढून टाकली जाते. ते टाळण्यासाठी परजीवी एक युक्ती करतो. स्वतः बनवलेले एक चिकट प्रथिन तो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर आणून लावतो. त्याच्या आधाराने पेशी बारीक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटून बसते आणि प्लीहेपर्यंत जातच नाही. या प्रथिनाला पीएफ-ईएमपी-१ म्हणतात.

रक्ताच्या काचपट्टीत परजीवी थोडे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये, असे डॉक्टर सांगतात, त्यामागचे कारण हेच. बोटातून घेतलेल्या थेंबात बहुतेक कोवळे परजीवी येतात. वाढलेले परजीवी आत कुठेतरी भिंतीला चिकटलेले असतात.

चिकटण्याची किंमतही परजीवीला मोजावी लागते. पेशीबाहेर लावलेले प्रथिन शरीराच्या नजरेस पडते आणि त्यावर प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून परजीवीने एकावर भागवलेले नाही. त्याच्या जनुकसंचात या प्रथिनाच्या सुमारे साठ जनुकांचा साठा आहे. एका वेळी तो एकच वापरतो. शरीराने तो मुखवटा ओळखला की काही परजीवी दुसरा चढवतात. शिवाय एका परजीवीचे साठ आणि दुसऱ्याचे साठ सारखे नसतात. मुलाला एकामागून एक ताप येतात तेव्हा त्याचे शरीर जणू एकेक चेहरा नोंदवत असते. नोंदवही भरायला वर्षे लागतात आणि ती पूर्ण अशी कधीच होत नाही.

मुखवटे सारखे धोकादायक नसतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की गंभीर आजारी मुलांमधले परजीवी जे मुखवटे वापरतात, त्यांतले काही रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या ईपीसीआर नावाच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतात. हे प्रथिन निरोगी शरीरात पहारेकऱ्याचे काम करते : रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही, वाहिनी पाझरू देत नाही. परजीवीने ती जागा अडवली की पहारा सुटतो. मेंदूत असे झाले तर सूज येणार, असा तर्क करता येतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात मेंदूचा हिवताप झालेल्या मुलांचे एमआरआय काढले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दगावलेल्या बहुतेक मुलांचा मेंदू तीव्र सुजलेला आढळला. कवटीला फुगायला जागा नसते. सुजलेला मेंदू श्वासाच्या केंद्रावर दाबला जातो आणि श्वास थांबतो. 'ताप डोक्यात गेला' या वाक्याचा शरीरशास्त्रीय अर्थ असा भीषण आहे.

किती ताप आल्यावर मूल सावरते?

केनियाच्या किनारी भागातल्या आकडेवारीवरून १९९९ साली एक हिशेब मांडला गेला : मेंदूचा हिवताप सोडला तर गंभीर हिवतापापासून संरक्षण अवघ्या एक-दोन तापांनंतर मिळत असावे. धोकादायक मुखवटे थोडे असतील आणि सुरुवातीलाच भेटत असतील, तर हे पटण्यासारखे होते. पण २०१४ मध्ये टांझानियातल्या ८८२ मुलांचा जन्मापासून माग ठेवणारा अभ्यास आला आणि चित्र गुंतागुंतीचे झाले. काही मुलांना अनेक साध्या तापांनंतर गंभीर आजार झाला होता. अनेकांच्या रक्तात एरवी परजीवींची गर्दी असूनही आजार साधाच राहिला होता. नुसते ताप मोजून किंवा नुसते परजीवी मोजून भाकीत करता येत नाही.

त्याच सुमारास टांझानियातल्या मुलांच्या रक्तावर वेगळ्या अंगाने काम झाले. गंभीर आजारापासून वाचलेल्या मुलांच्या रक्तात कोणत्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, ते शोधले गेले. २०१४ साली पीएफ-एसईए-१ हे प्रथिन पुढे आले. ते परजीवीला तांबडी पेशी फोडून बाहेर पडायला लागते. त्याविरुद्ध प्रतिपिंडे असली की परजीवी आत अडकून पडतो. ज्या काळात मुलाच्या रक्तात ही प्रतिपिंडे होती, त्या काळात त्यांतल्या एकालाही गंभीर हिवताप झाल्याची नोंद नव्हती. २०२० मध्ये पीएफ-गार्प हे आणखी एक प्रथिन सापडले; त्याला प्रतिपिंड लागले की परजीवी स्वतःच मरून जातो. कोणत्या प्रथिनाची ओळख आधी होते, यावर बरेच अवलंबून आहे, असा याचा अर्थ.

गोंदियाचे रक्त

आतापर्यंतचे दाखले आफ्रिकेचे झाले. या कथेचा दुसरा भाग मात्र आपल्याच विदर्भातल्या रक्तावर वाचला गेला आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि पॅरिसची पाश्चर संस्था यांच्या संशोधकांनी गोंदिया परिसरातल्या फाल्सिपेरमच्या रुग्णांचे रक्त तपासले. साधा हिवताप, मेंदूखेरीज इतर अवयवांचा गंभीर हिवताप आणि मेंदूचा हिवताप असे रुग्णांचे गट केले. त्यांच्या रक्तातले सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशी एकमेकींना धाडतात ते रासायनिक निरोप, मोजले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की हे निरोप सुटेसुटे वाढत-घटत नाहीत. ते टोळ्यांनी वागतात आणि कोणती टोळी कशी वागते यावरून आजाराची तीव्रता ओळखू येते.

२००९ मध्ये त्याच भागातल्या रुग्णांवरचा पुढचा निबंध आला. मेंदूच्या हिवतापात रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच मेंदूतल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. त्या प्रथिनाचे नाव बीटा ट्यूब्युलिन-३. चेतापेशींचा सांगाडा उभारणाऱ्या घटकांपैकी ते एक. ही प्रतिपिंडे आजाराचे कारण की परिणाम, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते : गंभीर हिवतापात परजीवीबरोबर शरीराचा स्वतःचा क्षोभही भाग घेतो. ज्याची प्रतिक्रिया वेळेवर चालू होते आणि वेळेवर थांबते तो सावरतो. प्रतिकारशक्ती 'जास्त' असावी, हे आपले घरगुती मत इथे अपुरे पडते.

विदर्भाच्या रक्ताची आणखी एक खूण सांगितली पाहिजे : सिकलसेल. आई-वडील दोघांकडून ते जनुक मिळालेल्या मुलाला वेदनादायी आजार होतो आणि अशा मुलाला हिवताप फारच घातक. एकाकडूनच मिळाले तर मूल केवळ वाहक असते, आणि अशा वाहकांना गंभीर हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत हे दाखवले. पुढे त्याचे एक कारणही कळले : वाहकाच्या तांबड्या पेशीवर परजीवीला आपले चिकट प्रथिन नीट मांडता येत नाही. मुखवटा बसतच नाही म्हणा ना.

ताप कमी होतो तेव्हा

आता आपल्या भागाचा प्रश्न. आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात वर्षभर डास चावतात, तिथे गंभीर हिवताप मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांचा रोग आहे; प्रौढांची नोंदवही भरलेली असते. आपल्याकडे हिवताप हंगामी आणि विखुरलेला. म्हणून इथे मेंदूचा हिवताप शाळकरी मुलांना होतो, तरुणांना होतो, म्हाताऱ्यांनाही होतो. भामरागड-एटापल्लीच्या जंगलपट्टीतल्या मुलाकडे थोडीबहुत नोंद असते. वर्ध्याहून तिकडे रस्त्याच्या कामाला, नोकरीला किंवा बंदोबस्ताला गेलेल्या माणसाची वही कोरी असते. शिवाय ही नोंद टिकाऊ नसते. ताप येईनासा झाला की काही वर्षांत पुसट होत जाते.

देशातला हिवताप घटतो आहे आणि २०३० पर्यंत तो संपवण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे. हे चांगलेच आहे. मात्र आकडा घटतो तशी लोकांच्या रक्तातली जमापुंजीही घटते. १९६५ साली देशात वर्षाला सुमारे एक लाख रुग्णांपर्यंत हिवताप खाली आला होता. मग लक्ष उडाले आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. मादागास्करच्या पठारावर फवारणी थांबल्यावर १९८० च्या दशकात साथ परतली, तेव्हा रोगाची ओळखच न राहिलेल्या त्या लोकांत हजारो माणसे दगावली. त्यांत सर्व वयांची होती.

लस आली आहे. आर-२१ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिने मुखवट्यांचा नाद सोडला आहे. डासाच्या सोंडेतून शिरलेला परजीवी यकृतात पोचण्याआधी त्याच्या अंगावर असणारे प्रथिन ती ओळखायला शिकवते. पुण्यातून ती आफ्रिकेतल्या मुलांकडे जाते. आपल्या नियमित लसीकरणात ती नाही. आणि तिचे संरक्षणही अपुरे व काळाबरोबर ओसरणारे आहे.

म्हणून भार पडतो तो जुन्याच गोष्टीवर : ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. फाल्सिपेरमची एक फेरी दोन दिवसांची, आणि प्रत्येक फेरीत परजीवी कैकपटींनी वाढतात. ओळख नसलेल्या मुलाच्या शरीराला ती ओळख करून घ्यायला जेवढे दिवस लागतात, तेवढे दिवस औषधाने मिळवून द्यायचे असतात. आजार गंभीर झालाच, तरी आर्टेसुनेटचे इंजेक्शन क्विनाइनपेक्षा सरस ठरते. आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांवरच्या २०१० सालच्या चाचणीत त्याने मृत्यू सुमारे बावीस टक्क्यांनी कमी केले. पण वेळेवर दिलेल्या साध्या गोळ्यांनी त्याहून कितीतरी अधिक मुले त्या खाटेपर्यंत जाण्यापासून वाचतात.

आशाताईच्या पिशवीतली चाचणीची पट्टी गावात वर्षभर एकही रुग्ण न सापडल्यावर सर्वाधिक निरुपयोगी वाटते. 'गेल्या साली एकही निघाला नाही, आता कशाला?' असे गावातही म्हणतात आणि कार्यालयातही. वर सांगितलेले सगळे संशोधन नेमके उलट सांगते. ज्या गावात वर्षभर रुग्ण नव्हता, तिथल्या मुलांची वही कोरी आहे, आणि पुढचा रुग्ण त्यांच्यातलाच असू शकतो. तिथे पट्टी आधी पोचली पाहिजे.