एका पेशीच्या जाडीचं पान
ऊन आणि जीवसृष्टी : भाग ७

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या शहरात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यातच नाहीशी होते. छत्रपती संभाजीनगर जवळपास २० उत्तर अक्षांशावर आहे, आणि त्या दिवसांत सूर्यही तेवढाच उत्तरेला सरकलेला असतो. अतिनील किरणांचा निर्देशांक ११ वर गेला की तो ‘अतितीव्र’ धरतात, हे मागच्या भागात आलंच. उन्हाळ्यातल्या दुपारी आपल्याकडे हा आकडा सहज गाठला जातो. आपण रुमाल बांधतो, गॉगल चढवतो, नाहीतर सरळ घरात बसतो. कोकणातल्या खडपाला चिकटलेल्या समुद्री शेवाळाला यातलं काहीच जमत नाही. आजचा भाग त्याच्याविषयी. मराठवाड्यातून समुद्र लांब आहे खरा, पण ही गोष्ट शेवटी आपल्याच गच्चीवर येऊन पोहोचणार आहे.

पाण्यातल्या वनस्पतीला उन्हाची कसली भीती, असं वाटणं साहजिक आहे. पाणी अतिनील किरण अडवतं, पण ते गढूळ असेल तर. स्वच्छ खुल्या समुद्रात हे किरण कित्येक मीटर खोल उतरतात; किनाऱ्याजवळच्या मातकट पाण्यात मीटर-दोन मीटरमध्येच संपतात. खरी अडचण ओहोटीला होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं शेवाळ रोज काही तास पाण्याबाहेर, उघड्या कातळावर पडलेलं असतं.

इथे कोकणच्या किनाऱ्याचं एक वेळापत्रक लक्षात घ्यायला हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबई-रत्नागिरीकडे मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे पाणी सर्वांत खाली जातं ते सकाळी आणि संध्याकाळी. त्यामुळे अगदी खालच्या पट्ट्यातलं शेवाळ उघडं पडतं तेव्हा ऊन कोवळं तरी असतं किंवा उतरलेलं. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, उलटं होतं. तेव्हा ओहोटी ऐन दुपारी येते. पाणी फार खाली जात नाही, पण वरच्या पट्ट्यात राहणाऱ्यांची सावली गेलेली असते. तिथली वस्ती कोणाची, तर पोर्फायराची.

पोर्फायरा म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात त्या जपानी नोरीची जवळची नातलग. कोकणात आढळणारी जात पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस. (वर्गीकरण करणाऱ्यांनी अलीकडे तिचं घराणं बदललं आहे; आपण जुनंच नाव चालवू.) पावसाळा सुरू झाला की लाटांचे तुषार उडतात त्या खडकांवर तिची जांभळट-तपकिरी, बुळबुळीत पानं दिसू लागतात. एखादं पान बोटांवर पसरून उजेडाकडे धरलं तर बोटांच्या रेषा आरपार दिसतात, कारण त्याची जाडी एका पेशीची असते. ओहोटीत दोन-तीन तास ऊन मिळालं की तेच पान पापडासारखं वाळून कातळाला चिकटतं. अंगातलं बहुतेक पाणी निघून जातं. भरतीचं पाणी लागलं की ते पुन्हा मऊ होऊन कामाला लागतं.

पान एका पेशीचं असण्याचा अर्थ नीट पाहू. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, तो मार खातो. पोर्फायराला असा थरच नाही. तिची प्रत्येक पेशी पहिल्या रांगेत उभी आहे. किरण थेट डीएनएपर्यंत पोहोचतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या यूव्ही-बी किरणांनी डीएनएच्या साखळीतले शेजारचे दोन थायमिन एकमेकांना जोडले जातात आणि नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडकते. प्रकाशसंश्लेषणाची प्रथिनंही तुटतात. पान बाहेरून अपारदर्शक करून टाकावं, तर अन्न तयार करायला लागणारा प्रकाशही बंद होतो. अडवायचं ते अडवून हवं ते आत घेणारा पदार्थ प्रत्येक पेशीत हवा.

असा पदार्थ तिच्याकडे आहे. मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लं हे त्या कुळाचं नाव. रेणू लहान, पाण्यात विरघळणारे, रंगहीन. ते ३१० ते ३६० नॅनोमीटरच्या दरम्यानचे किरण शोषतात. हरितद्रव्य आणि शेवाळातली लाल रंगद्रव्यं ४०० च्या पुढचा प्रकाश वापरतात, त्याला हे रेणू हातही लावत नाहीत. १९६९ मध्ये जपानी संशोधक शिबाता यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या प्रवाळांत ३२० नॅनोमीटरला किरण शोषणारा पदार्थ नोंदवला होता. त्याची रचना पुढच्या दशकात उलगडत गेली. पोर्फायरातला मुख्य रेणू ३३४ नॅनोमीटरला सर्वाधिक शोषण करतो, म्हणून त्याचं नावच पोर्फायरा-३३४. पानाच्या कोरड्या वजनात हे रेणू सुमारे एक टक्क्यापर्यंत भरतात.

शोषलेल्या ऊर्जेचं पुढे काय होतं, हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. रेणू ती ऊर्जा सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात उष्णता म्हणून सोडून देतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. पुढचा किरण झेलायला लगेच तयार. युरोपात पोर्फायराच्या अर्कापासून केलेली सौंदर्यप्रसाधनं विकली जातात ती याच गुणावर.

सगळ्या शेवाळांनी हा मार्ग धरलेला नाही. पोर्फायरा ज्यांत मोडते त्या लाल शेवाळांतही खोल पाण्यातल्या काही जातींना हे रेणू बनवताच येत नाहीत. काँड्रससारख्या जाती खोल पाण्यातून उथळात आणल्या की काही दिवसांत त्यांचं प्रमाण वाढवतात. पोर्फायरा मात्र ते सदैव बाळगून असते. पावसाळी ढगांत एवढी तयारी कशाला, असा प्रश्न पडेल. पण विरळ ढगांतून बहुतांश अतिनील किरण पार होतात आणि श्रावणात ऊन कधी पडेल याचा भरवसा नसतो. सर्गासमसारखी तपकिरी शेवाळं फ्लोरोटॅनिन नावाची संयुगं वापरतात. समुद्री लेट्यूस म्हणून ओळखलं जाणारं हिरवं उल्व्हा थरावर थर वाढतं. वरचा थर उन्हाने पांढरा पडतो, त्याच्या सावलीत खालचे हिरवे राहतात.

आणि एवढं करूनही डीएनए बिघडला तर? फोटोलायेज नावाचं विकर चिकटलेले थायमिन सुटे करतं. गंमत अशी की या दुरुस्तीला लागणारी ऊर्जा ते उन्हातल्याच निळ्या आणि यूव्ही-ए प्रकाशातून घेतं. हे विकर बेडकाकडे आहे, कांगारूकडे आहे, माणसाकडे नाही. आपल्या सस्तन पूर्वजांनी ते कधीतरी गमावलं. आपल्याला दुसऱ्या, संथ यंत्रणेवर भागवावं लागतं.

प्रकाशाने होणारी ही दुरुस्ती १९४९ मध्ये उजेडात आली. त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी दाखवलं की शिंपल्यांच्या कवचात राहणारे सूक्ष्म गुलाबी धागे, ज्यांना तोवर वेगळी वनस्पती समजत, ते पोर्फायराचंच दुसरं रूप आहे. जपानमधली नोरीची आधुनिक शेती या शोधावर उभी राहिली. कोकणातली जांभळी पानं पावसाळा सरल्यावर खडकांवरून जातात, त्याचाही खुलासा इथेच मिळतो. वैशाखाचं ऊन पोर्फायरा पान होऊन झेलतच नाही. तो काळ काढायला तिच्याकडे धाग्याचं रूप आहे.

आता गच्चीवर येऊ. पावसाळ्यानंतर कठड्यावर, पाण्याच्या टाकीखाली, जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर जे काळे ओघळ दिसतात त्यांना आपण ‘बुरशी’ म्हणून मोकळे होतो. त्यांतले बरेचसे सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे नीलहरित शेवाळाचे असतात. मायकोस्पोरिनसदृश रेणू त्यांच्याकडेही असतात. शिवाय पेशीबाहेरच्या चिकट आवरणात ते सायटोनेमिन नावाचं पिवळट-तपकिरी द्रव्य साठवतात. ते मुख्यतः यूव्ही-ए अडवतं. थरावर थर साचले की रंग काळा दिसतो. पोर्फायराला आपलं संरक्षक द्रव्य जिवंत पेशीच्या आत सांभाळावं लागतं. सायटोनेमिनचं तसं नाही, एकदा तयार झालं की पेशी झोपली तरी ते काम करत राहतं. म्हणून ऑक्टोबरपासून मेपर्यंत भाजून निघालेला ओघळ मेलेला वाटतो आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर पुन्हा वाढू लागतो. ब्लीचिंग पावडरने घासणाऱ्यांना हे ठाऊक असेलच.

पुढच्या आठवड्यात लोणार सरोवराकडे जाऊ. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं. त्या रंगामागचे खारट पाण्यातले सूक्ष्मजीव आणि त्यांचं उन्हाशी असलेलं नातं पाहू.