बार्नेगाट खाडीची बुटकी होडी

अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्याला बार्नेगाट नावाची लांबट, उथळ खाडी आहे. तिथली 'स्नीकबॉक्स' ही माझी सगळ्यात लाडकी होडी! १८३६च्या सुमारास वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमन या होडी बांधणाऱ्याने ती स्वतःच्या बदकांच्या शिकारीसाठी बनवली.

लांबी जेमतेम १२ फूट, रुंदी ४ फूट. नाळ चमच्यासारखी पसरट, त्यामुळे वीतभर पाण्यातही ती सरकते. वरून जवळजवळ पूर्ण झाकलेली. मधल्या भोकात शिकारी आडवा पडायचा. डेकवर गवत अंथरलं की बदकांना ती दलदलीचाच तुकडा वाटे. वल्ह्यांच्या खुंट्याही दुमडत्या, म्हणजे कडेवर काही उठून दिसायला नको. हिवाळ्यात खाडी गोठली की बुडाला लावलेल्या पट्ट्यांवरून ती चक्क बर्फावर ओढून न्यायची. शिवाय शीडही होतंच. लाकूड जवळच्याच दलदलीच्या जंगलातलं, पांढरं सीडर: हलकं आणि सहसा न कुजणारं.

पुढे अशा होड्यांतून बाजारात विकायलाही बदकं मारली जात; १९१८च्या कायद्याने बाजारासाठी पक्षी मारण्यावर बंदी आली. होडी मात्र टिकली. बार्नेगाटच्या जे. हॉवर्ड पेराइनने बांधलेल्या १५ फुटी स्नीकबॉक्सवर तिथली पोरं शर्यतीचं शिडकाम शिकली.

आणि ही होडी फक्त खाडीपुरती नाही बरं का! १८७५-७६च्या हिवाळ्यात नॅथॅनिएल बिशप नावाचा प्रवासी पिट्सबर्गहून ओहायो, मिसिसिपी नद्यांतून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत गेला, स्नीकबॉक्समधून. त्याचं 'फोर मन्थ्स इन अ स्नीकबॉक्स' हे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. होड्यांचं वेड असेल तर वाचाच.