जुन्या खरेदीवर आधारित शिफारशी

ग्राहकाच्या पूर्वीच्या खरेदीवरून त्याची आवड ताडून नव्या वस्तू सुचवणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस शिफारस प्रणाली असे म्हणतात. ऑनलाइन दुकानांत तिचा वापर सर्रास होतो. जुनी नोंद हीच आजची गरज मानली गेल्यास प्रणालीचे ग्राहकाविषयीचे अनुमान चुकते.

कार्यपद्धती

अनेकांच्या पसंतीवरून एकासाठी निवड करणे, हे या प्रणालींचे मूळ तत्त्व होय. ॲमेझॉनच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ग्राहकांऐवजी वस्तूंची परस्परांशी तुलना करण्याची पद्धत मांडली. ज्या दोन वस्तू पुष्कळदा एकाच ग्राहकाने घेतलेल्या आढळतात, त्या संबंधित ठरतात. मग एक घेणाऱ्यास दुसरी सुचवली जाते.

चुकीच्या अनुमानाची कारणे

प्रणालीस खरेदी दिसते, तिचे प्रयोजन दिसत नाही. बारशाच्या आहेरासाठी झबले घेणारा मनुष्य तिच्या लेखी पालक ठरतो. एका खात्यावरून घरातील अनेकांनी खरेदी केल्यास त्यांच्या आवडी एकमेकींत मिसळतात. शीतकपाटासारखी वस्तू घेतल्यावर गरज संपते, तरी शिफारशी चालूच राहतात. मात्र जुनी माहिती सरसकट टाकून देणे हा उपाय नव्हे. चित्रपटांच्या मानांकनांचा अभ्यास करून येहुदा कोरेन यांनी २००९ मध्ये दाखवले, की टिकाऊ आवड आणि तात्पुरता कल यांत भेद केल्यास अंदाज अधिक अचूक येतात.

परिणाम

अशा चुकीची झळ काही वेळा तीव्र असते. अमेरिकन पत्रकार गिलियन ब्रॉकेल यांनी मृत अपत्याच्या जन्मानंतर, डिसेंबर २०१८ मध्ये, तंत्रज्ञान कंपन्यांना अनावृत पत्र लिहिले. बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती आपल्याशी संबंधित नाहीत असे कळवल्यावर, बाळ सुखरूप जन्मले असा अर्थ लावून स्तनदा मातांसाठीच्या वस्तू दाखवल्या जातात, हे त्यांनी निदर्शनास आणले. नकाराची नोंद झाली, पण नकाराचे कारण प्रणालीस कळले नाही.

उपाय व कायदे

विशिष्ट खरेदी शिफारशींसाठी विचारात घेऊ नये, असे सांगण्याची सोय काही संकेतस्थळांवर असते. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यानुसार अतिविशाल मंचांनी व्यक्तिचित्रणावर आधारित नसलेला किमान एक पर्याय देणे बंधनकारक आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये स्वतःविषयीची माहिती दुरुस्त करून घेण्याची व पुसून टाकण्याची मागणी करण्याचा अधिकार नमूद आहे.