चौदा बेडकांचे बिऱ्हाड

बेडूक म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो आषाढ. बालपण कोकणात गेले. पहिली सर कोसळली की विहिरीच्या कडेला रात्रभर असा गलका चाले की आजी म्हणायची, "मेल्यांच्या घरी लग्न निघालंय वाटतं!" त्यामुळे जगातल्या अत्यंत कोरड्या वाळवंटातही बेडूक राहतो, हे गेल्या उन्हाळ्यात वाचनात आले तेव्हा मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

हे वाळवंट म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाचे अटाकामा. तिथे काही भागांत वर्षानुवर्षे पावसाचा थेंब पडत नाही. तरी त्यातून लोआ नावाची नदी वाहते. आंदीज पर्वतात उगम पावणारी ही सुमारे ४४० किलोमीटरची नदी चिलीतली सर्वांत लांब. तिच्या काठी कलामा हे शहर, आणि जवळच चुकिकामाताची तांब्याची प्रचंड उघडी खाण. या कलामाजवळच्या एका ओढ्यात लोआचा बेडूक राहत असे. १९९९ साली शास्त्रज्ञांनी त्याचे बारसे केले, 'तेल्माटोबियस डांकोई'. त्या ओढ्याखेरीज त्याचा दुसरा पत्ता तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता.

वाळवंटातले काही बेडूक मोठे धोरणी असतात. उत्तर अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटातला एक बेडूक मागच्या पायांच्या फावड्यांनी जमीन उकरून आत शिरतो आणि वर्षातले आठ-दहा महिने तिथेच काढतो. वर ढग गडगडले की बाहेर येतो. तुंबलेल्या डबक्यात घातलेली अंडी दिवस-दीड दिवसात फुटतात आणि दोनेक आठवड्यांत पिल्लांना पाय फुटून ती चालूही लागतात. पगार संपण्याआधी महिना संपवणाऱ्या गृहिणीचीच ही काटकसर! आता हवा तापत चालली आहे, आणि डबके दोन दिवस जरी आधी आटले तरी हा सारा हिशेब कोलमडतो.

लोआच्या बेडकाजवळ असली फावडी नाहीत. त्याचा सारा जन्म पाण्यातच जायचा. आणि पाणीच गेले. खाणींना पाणी हवे, शेतीला हवे, वाढत्या वस्तीला हवे. जो तो उपसत राहिला. २०१९ साली शास्त्रज्ञ तिथे पोहोचले तेव्हा ओढा कोरडा पडला होता. चिखलाच्या एका डबक्यात चौदा बेडूक तेवढे उरले होते. उपाशी, मरणाच्या दारात. ते उचलून हजार किलोमीटरांहून अधिक दूर, राजधानी सान्तियागोच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले.

पाहुणे आले, पण त्यांना वाढायचे काय? पाण्यात कोणते क्षार किती हवेत, खाणे कोणते रुचेल, सगळेच चाचपडत शोधायचे. तिथल्या लोकांनी ते निगुतीने केले. २०२० च्या ऑक्टोबरात त्या काचेच्या टाकीत दोनशे बेडूकमाशा जन्मल्या. हे वाचून मला, खरे सांगतो, घरात पाळणा हलल्याचा आनंद झाला.

पण टाकी म्हणजे काही ओढा नव्हे. हे गोकुळ परत सोडायचे तर आधी पाणी परत आणले पाहिजे. इथेच खरी अडचण आहे. हवा तापू नये म्हणून धुराच्या मोटारी जाऊन विजेच्या याव्यात, असे आपण म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. पण विजेच्या मोटारीला तांबे जास्त लागते. जगात सर्वांत जास्त तांबे काढतो तो हाच चिली देश, आणि तिथून तांब्याचे खनिज आपल्या देशातही येते. आमच्या भिंतीतल्या तारेत लोआचे थोडे पाणी मुरलेले नसेल, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ही हकिकत नातवाला सांगत होतो. त्याने विचारले, "आजोबा, मग त्यांना घरी कधी नेणार?"

"ओढ्याला पाणी आलं की."

"आणि पाणी कधी येणार?"

इतक्यात खालून पाण्याचा टँकर आल्याची हाक आली. आमच्या सोसायटीत यंदा मे महिन्यात एक दिवसाआड टँकर येत होता, आणि किल्ल्या माझ्याकडे असतात. मी चपला शोधू लागलो. नातू जिन्यापर्यंत मागे आला आणि तोच प्रश्न त्याने पुन्हा विचारला.