लुना, स्कूटर की मोटारसायकल?

घरात नवी दुचाकी घ्यायचे ठरले, की आठवडाभर दुसरा विषय निघत नाही. अब्बांना मोटारसायकल हवी असते. अम्मीला स्कूटर सोयीची वाटते. दादीजान विचारतात, "मला मागे नीट बसता येईल ना?" आणि थोरल्या भावाचे लक्ष फक्त रंगाकडे असते. गंमत अशी, की यात रंगाचा मुद्दा सोडला तर प्रत्येकाचे म्हणणे काही अंशी बरोबर असते. ते का, हे समजण्यासाठी गाडीची रचना पाहावी लागते.

त्यासाठी लांब जायला नको. 2024 साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या आपल्या अहमदनगर शहरातच दौंड रस्त्यावर कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना आहे. मुंबई विधानसभेचे सभापती राहिलेले कुंदनमल फिरोदिया हे नगरचे. त्यांचे पुत्र हस्तीमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने या कंपनीची 'लुना' 1972 साली रस्त्यावर आली. इटलीतील पियाजिओ कंपनीच्या 'चाव' नावाच्या लहान गाडीवरून ती बेतलेली होती. लुना म्हणजे चंद्र. हा शब्द लॅटिन भाषेतला आहे.

लुना ही सायकल आणि मोटारसायकल यांच्या मधली गाडी होती. इंजिन अवघे 50 सीसीचे. सीसी म्हणजे घनसेंटीमीटर. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणासाठी किती जागा आहे, ते या आकड्यावरून कळते. लुनाला गिअर बदलावे लागत नसत. सायकलीप्रमाणे पायडल होते. ते जोरात मारले, की इंजिन सुरू होई. वाटेत पेट्रोल संपले, तर तेच पायडल मारत घर गाठता येई. मात्र त्या दिवशी रात्रीची भाकरी दोन घास जास्त जाई! शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाले, कापडाचे गठ्ठे घेऊन बाजाराला जाणारे व्यापारी अशा अनेकांची ती पहिली गाडी ठरली. ज्यांना मोटारसायकल परवडत नव्हती आणि सायकलीने दम लागत होता, त्यांची अडचण लुनाने दूर केली. दूरदर्शनवरील 'चल मेरी लुना' ही जाहिरात पुढे घराघरांत पोहोचली.

लुनाचे इंजिन टू-स्ट्रोक होते. अशा इंजिनात दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली गेला, की एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोक इंजिनात तेवढ्याच कामासाठी दट्ट्याला दोनदा वर आणि दोनदा खाली जावे लागते. म्हणून टू-स्ट्रोक इंजिन साधे, हलके आणि चपळ असते. पण त्याला वंगण मिळावे म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. ते तेलही जळे आणि मागे निळसर धूर निघे. प्लगवर काजळी बसे. मग गाडी बंद पडली, की पहिले काम म्हणजे प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे. गॅरेजमधील मिस्त्री हे काम डोळे मिटून करत. पाना, पेचकस, मिस्त्री हे शब्द मराठी बोलणाऱ्याला आणि उर्दू बोलणाऱ्याला सारखेच कळतात. गॅरेजमध्ये भाषेची अडचण सहसा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

स्कूटरचा थाट वेगळा. बजाज कंपनीची 'चेतक' हीही 1972 चीच. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले होते. त्या काळी कारखान्याने किती गाड्या बनवाव्यात, यावर सरकारचे बंधन होते. त्यामुळे नाव नोंदवून लोक कित्येक वर्षे वाट पाहत. स्कूटरचे खरे सुख तिच्या पायाजवळील सपाट जागेत आहे. तेथे धान्याची पिशवी राहते आणि पुढे उभ्या राहिलेल्या लहान मुलाला तर विमान चालवल्याचा आनंद होतो. अर्थात, हा आनंद सुरक्षित मुळीच नाही. 1984 साली आलेल्या कायनेटिक होंडाने गिअर आणि किक या दोन्हींची कटकट संपवली. बटण दाबा आणि निघा. पुष्कळ स्त्रिया त्यानंतर स्वतःची गाडी स्वतः चालवू लागल्या.

मग मोटारसायकल कशासाठी? उत्तर चाकात आहे. चेतकसारख्या स्कूटरचे चाक 10 इंची असते, तर मोटारसायकलचे साधारण 17-18 इंची. लहान चाक खड्ड्यात पूर्ण उतरते. मोठे चाक त्यावरून सहज पुढे जाते. शेवगाव, पाथर्डीकडच्या खडीच्या वाटेवर किंवा अकोले तालुक्यातील घाटात हा फरक कंबरेला लगेच समजतो. शिवाय 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलने थोड्या पेट्रोलमध्ये लांब जाता येते हे दाखवून दिले. तेव्हा दूध घालणाऱ्या शेतकऱ्याने मोटारसायकल घ्यावी आणि शहरात बाजारहाट करणाऱ्याने स्कूटर, हे माझे मत. दादीजानसाठी तर स्कूटरच बरी, कारण तिची बैठक रुंद असते.

चालती दुचाकी पडत नाही आणि थांबलेली पडते, हे कसे? गाडी डावीकडे कलली, की चालवणारा नकळत हँडल थोडे डावीकडे वळवतो. त्यामुळे चाके पुन्हा वजनाच्या खाली येतात आणि गाडी सावरते. हे सतत चालू असते. थांबलेल्या गाडीत चाके सरकतच नाहीत, मग तोल कसा सावरणार?

ब्रेकचेही असेच आहे. ब्रेक दाबला, की सगळा भार पुढे झुकतो. म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. फक्त मागचा ब्रेक लावणाऱ्याची गाडी घसरत पुढे जाते. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाबावेत. खडी किंवा ओला मुरूम असेल, तर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. ब्रेक लावायचे मनात येईपर्यंतच तेवढे अंतर संपते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. गळिताच्या दिवसांत रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या असतात आणि काहींना मागे दिवा नसतो. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ती किती मीटरवर असते, याचा विचार करा. हेल्मेट डोक्यावर हवे. हँडलला लटकवलेले हेल्मेट फक्त हँडल वाचवते.

तुमच्यापैकी काहींना आताच गाडी हवी असेल. कायद्याप्रमाणे 16 व्या वर्षी 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळू शकतो. लुना त्यात बसत असे. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटर 100 सीसीच्या वर आहेत, म्हणून त्यांसाठी 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तोपर्यंत मागे बसून फिरण्याचा आनंद आहेच. पावसाळ्यात एखाद्या रविवारी पाथर्डी रस्त्याने चांदबीबी महालाकडे निघा. लोक महाल म्हणतात, पण ती निजामशाहीतील वजीर सलाबत खान याची कबर आहे. चढावर गाडीचा आवाज बदलतो, वारा गार होतो आणि वरून सगळे शहर दिसते.

जुनी लुना आता बनत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मात्र कायनेटिक ग्रीन या कंपनीने 'ई-लुना' आणली. ती विजेवर चालते. तिला पायडल नाहीत, प्लग नाही, धूरही नाही. मागे सामान लादण्याची सोय मात्र जुन्या लुनासारखीच आहे.