मोठा पतंग की मोठा बोर्ड?

ऑगस्ट २०२४. सावरकरांच्या उडीमुळे मराठी माणसाला नावाने ओळखीच्या असलेल्या मार्सेलिसच्या समुद्रात ऑलिंपिकमधली पहिलीच काइटबोर्डिंग स्पर्धा भरली होती, आणि वारा रुसला होता. खेळाडू तासन् तास वाट पाहत, शर्यती पुढे ढकलल्या जात, काही तर रद्दच झाल्या. तरीही जेव्हा जेव्हा थोडी झुळूक आली, तेव्हा हे खेळाडू पाण्याच्या वर उचलले जाऊन सुसाट निघाले. सिंगापूरच्या अवघ्या १७ वर्षांच्या मॅक्स मेडरने ९ ऑगस्टला, आपल्या देशाच्या राष्ट्रीय दिनी, कांस्यपदक मिळवले. सुवर्ण गेले ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोंटुसकडे. महिलांमध्ये ते आदल्या दिवशी ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजने जिंकले होते.

त्या झुळकेत एरवीचा हौशी काइटबोर्डर वाळूवरून हललाही नसता. फरक कौशल्याचा होताच, पण साधनांचाही होता. आणि ही साधने कशी निवडायची, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर फार जवळचा आहे.

उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोरजी आणि आश्वे या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत दुपारी रंगीत पतंग दिसू लागतात. खेळणारा हार्नेस, म्हणजे कमरेचा पट्टा, बांधून वीसेक मीटर लांबीच्या चार दोऱ्यांनी पतंगाला जोडलेला असतो आणि पायाखालच्या बोर्डावरून पाणी कापत जातो. त्याला ओढणारे इंजिन म्हणजे शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे. सकाळी उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला येते. दुपारी तीन ते पाचच्या सुमारास हा वारा ऐन भरात असतो, सूर्य कलला की ओसरतो. भरातला वारासुद्धा बऱ्याच दिवशी १० ते १४ नॉट, म्हणजे ताशी साधारण १८ ते २६ किलोमीटर. रामेश्वरमला किंवा श्रीलंकेच्या कल्पिटियाला जो दणकट मोसमी वारा मिळतो, तो इथे नाही. पावसाळ्यात कोकण-गोव्याला जोराचा वारा येतो खरा, पण तेव्हाचा समुद्र हा खेळ खेळण्याजोगा नसतो. म्हणून इथे ज्याला मनापासून खेळायचे आहे, त्याला मंद वाऱ्याशीच जमवून घ्यावे लागते.

मंद वाऱ्याचे गणित निष्ठुर आहे. पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वारा १५ नॉटवरून १० वर आला तर वेग एक तृतीयांशानेच घटला असे वाटते, पण ओढ निम्म्याहूनही कमी उरते. २० वरून १० वर आला, तर फक्त पाव. त्यात आपल्याकडची उष्ण हवा विरळ असते. १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२५ किलो, तर ३० अंशांना १.१६ किलो, म्हणजे त्याच वेगाचा वारा गोव्यात सहा-सात टक्क्यांनी कमी ओढतो. युरोपातल्या कंपनीने थंड हवेत तपासून छापलेला तक्ता पाहून कोणी पतंग घेतला आणि आश्वेच्या वाळूवर तो अपुरा पडला, तर दोष त्याच्या तंत्राचाच असेल असे नाही.

खेळाडूंमध्ये एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे. आपले वजन किलोमध्ये घ्यायचे, २.२ ने गुणायचे आणि वाऱ्याच्या नॉटने भागायचे. उत्तर येते पतंगाच्या चौरस मीटरमध्ये. १२ नॉट वाऱ्यात ६० किलोच्या मुलीला ११ चौरस मीटरचा पतंग पुरतो, ८० किलोच्या माणसाला जवळपास १५ चा लागतो. एकाच किनाऱ्यावर, एकाच वाऱ्यात एक जण मजेत फिरतो आणि दुसरा कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो, त्याचे उत्तर या भागाकारात आहे. मित्राचा पतंग चांगला चालतो म्हणून तोच आकार मागवणे त्यामुळे धोक्याचे.

आता बहुतेक जण काय करतात? वारा कमी, तर पतंग मोठा, असे सरळ गणित मांडून १७ चौरस मीटरचा पतंग विकत घेतात. काही अंशी ते बरोबरही आहे. पण आकार वाढला की वजन वाढते आणि पतंग वळायला सुस्तावतो, आणि मंद वाऱ्यात नेमके हे दोन दोषच नडतात. संक्रांतीला गच्चीवर वारा पडला की मुले मांजा सपासप खेचून पतंग तरंगता ठेवतात. हात थांबला की पतंग खाली. काइटबोर्डिंगमध्ये हेच काम पतंगाला हवेत आडवा, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत ठेवून साधले जाते. पतंग जितका वेगाने फिरेल, तितका त्याला स्वतःच्या गतीमुळे जास्त वारा लागतो आणि ओढ वाढते. जड, मंद वळणारा पतंग ही वाढीव ओढ देत नाही. जरा चुकला, डोक्यावरून पुढे गेला, की दोऱ्या सैल पडतात आणि तो पाण्यात कोसळतो. नऊ-दहा नॉटच्या खाली तो पाण्यातून पुन्हा उठेलच याची खात्री नसते. म्हणून मंद वाऱ्याचा पतंग निवडताना क्षेत्रफळाइतकेच त्याच्या वजनाकडे पाहायला हवे.

आजचे बहुसंख्य पतंग हवा भरलेल्या नळ्यांचे असतात. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डोमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. पाण्यात पडलेला पतंग बुडू नये, तिथूनच पुन्हा उडवता यावा, ही त्यामागची गरज होती. पुढची मुख्य नळी आणि तिला काटकोनात जोडलेल्या आडव्या नळ्या असा तो सांगाडा. जोराच्या वाऱ्यासाठीच्या पतंगात तीन ते पाच आडव्या नळ्या असतात. मंद वाऱ्यासाठीच्या पतंगात एकच, किंवा एकही नाही. नळ्या कमी म्हणजे वजन कमी. वारा वाढला की असा पतंग फडफडतो, आकार धरून राहत नाही, आणि उंच उड्यांचा शौक असलेल्यांना तो आवडत नाही. पण १० नॉटच्या दुपारी हवेत टिकून राहण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. अलीकडे अलूला या वजनाने हलक्या, ताणाला पक्क्या कापडाच्या नळ्याही येऊ लागल्या आहेत. त्यांनी वजन आणखी उतरते आणि किंमत चांगलीच चढते.

दुसरा प्रकार नळ्याच नसलेल्या पतंगाचा. पुण्याजवळ कामशेतला पॅराग्लायडिंग पाहिलेल्यांना त्याची रचना लगेच समजेल: कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, आणि कप्प्यांत शिरून आकार देणारा वारा. अमेरिकेत डोमिना जाल्बर्ट यांनी १९६४ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या पॅराफॉइलची ही वंशावळ. अशा पतंगाचे वजन क्षेत्रफळाच्या मानाने फार कमी आणि कार्यक्षमता जास्त. ऑलिंपिकमध्ये दिसले ते हेच, २० चौरस मीटरच्या पुढचेसुद्धा. पण त्याच्या खालच्या बारीक दोऱ्यांचे जाळे गुंतले तर सोडवताना घाम फुटतो, आणि पाण्यात बराच वेळ पडून कप्प्यांत पाणी शिरले तर तो पोत्यासारखा जड होऊन बसतो. नवशिक्याने, विशेषतः लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यावर, त्याच्या वाटेला जाऊ नये.

पतंगाबद्दल एवढी चर्चा होते, पण खरी कमाई पायाखाली आहे. नेहमीचा ट्विनटिप बोर्ड, म्हणजे दोन्ही दिशांना सारखाच जाणारा, साधारण १३६ सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद असतो. मंद वाऱ्याचा बोर्ड १६० लांब, ४६ रुंद. क्षेत्रफळ सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढले. नुसते क्षेत्रफळ वाढून भागत नाही, बोर्डाचा तळही सपाट हवा. टोकांना वर वळण दिलेला बोर्ड लाटांवर छान चालतो, पण चालताना पाणी पुढे ढकलत राहतो आणि त्यात ओढ वाया जाते. रुंद, सपाट बोर्ड थोड्याच वेगाला पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन घसरू लागतो. एकदा तो घसरू लागला की पुढे त्याला फार ओढ लागत नाही. आधीचाच १२ चा पतंग ठेवून केवळ बोर्ड बदलला, तरी दीड-दोन नॉट कमी वाऱ्यात खेळता येते. शिवाय असा बोर्ड वाऱ्याच्या उगमाकडे तिरपा चढतो. जिथून निघालो तिथेच परत येणे हा मंद वाऱ्यातला सर्वात मोठा प्रश्न असतो, आणि तो मोठ्या पतंगापेक्षा मोठा बोर्ड चांगला सोडवतो. बोर्डाला ना फुगवायची नळी, ना फाटणारे कापड. नीट वापरला तर तो वर्षानुवर्षे टिकतो आणि शिकाऊ मित्राच्याही उपयोगी पडतो.

याच्या पुढची पायरी हायड्रोफॉइल. बोर्डाच्या खाली ६० ते ९० सेंटिमीटरचा खांब, त्याच्या टोकाला पाण्यात राहणारे छोटे पंख. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्याने एवढ्याशा पंखांनाही माणसासकट बोर्ड वर उचलता येतो. बोर्ड पाण्यातून सुटला की घर्षण एकदम घटते. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या एचडी-४ या बोटीने १९१९ मध्ये कॅनडाच्या ब्रा दॉर सरोवरात याच तत्त्वावर ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. काइटबोर्डिंगमध्ये फॉइल आले आणि मंद वारा या शब्दांचा अर्थच बदलला. जिथे ट्विनटिपला १५ चौरस मीटरचा पतंग लागायचा, तिथे फॉइलवर १० चा चालतो, आणि सात-आठ नॉटमध्ये सराईत खेळाडू आरामात फिरतो. सुरुवातीला पुढचा पंख मोठा, १५०० चौरस सेंटिमीटरच्या आसपासचा, आणि खांब आखूड घ्यावा. मोठा पंख कमी वेगात उचलतो आणि पडणेही सौम्य होते. स्पर्धेतले बारीक, लांबट पंख विसरायचे.

पण फॉइलची किंमत फक्त पैशांत मोजून चालत नाही. ते शिकायला वेळ लागतो, पडताना पंखांच्या धारेवर आपटण्याची भीती असते, म्हणून हेल्मेट आणि जाड जॅकेट हवेच. खांबाला खोल पाणी लागते. आपल्या उथळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी बोर्ड हातात धरून बरेच आत चालत जावे लागते, आश्वेला तर पाण्याखाली खडकही आहेत. रापणीची जाळी आणि त्यांचे दोर खांबात अडकले तर खेळाडूही जखमी होतो आणि मच्छीमाराचेही नुकसान होते. जिथे जाळी लागलेली आहेत तिथे फॉइल न्यायचे नाही, एवढी शिस्त खेळाडूंनी स्वतःच पाळली पाहिजे. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. घरट्यांभोवतीच्या कुंपणापासून पतंग आणि दोऱ्या दूरच राहिल्या पाहिजेत.

छोट्या गोष्टींपैकी दोऱ्यांची लांबी लक्षात ठेवण्याजोगी. त्या तीन-चार मीटरने वाढवल्या तर पतंगाला फिरायला जास्त आकाश मिळते, ओढ वाढते. जोडदोऱ्या स्वस्त असतात आणि कोणत्याही नव्या पतंगाच्या आधी त्या वापरून पाहाव्यात. हार्नेस बदलायची काहीच गरज नाही.

मंद वारा म्हणजे सुरक्षित वारा, ही समजूत मात्र घातक आहे. सकाळी लवकर किनाऱ्यावरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. पाणी तेव्हा तळ्यासारखे शांत दिसते, आणि त्याच वाऱ्यात गेलेला माणूस खोल समुद्राकडे वाहवत जातो. मतलई वाऱ्यात पतंग फुगवायचासुद्धा नाही. संध्याकाळी वारा अचानक पडतो. पतंग कोसळला, उठला नाही, तर दोऱ्या गुंडाळून पतंगाचाच तराफा करून परत येता आले पाहिजे, आणि ते आधी शिकलेले असले पाहिजे. जितके अंतर पोहून परतता येईल, तितकेच आत जावे. मोठ्या पतंगाचे आणखी एक भय असते: झोत आला तर त्याची ओढ पटकन सोडता येत नाही.

वाऱ्याचा अंदाज देणारी ॲप सगळे वापरतात, पण स्थानिक खारे वारे त्यांना नीट पकडता येत नाहीत. डोळ्यांवर भरवसा ठेवावा. ब्रिटिश नौदलाच्या फ्रान्सिस बोफोर्ट यांनी १८०५ मध्ये आखलेली मोजपट्टी आजही उपयोगी आहे: समुद्रावर इथे-तिथे पांढरे फेस दिसू लागले तर ७ ते १० नॉट, बऱ्याच ठिकाणी दिसले तर ११ ते १६. पहिल्या स्थितीत फॉइल, दुसऱ्या स्थितीत मोठा बोर्ड.

खरेदीला निघालेल्यांनी हिशेब असा लावावा. नवा पतंग आणि बार, म्हणजे त्याला वळवायची हातातली दांडी, मिळून लाखाचा आकडा सहज ओलांडतात, त्यामुळे ज्याच्याकडे १२ चा पतंग आधीच आहे, त्याने पहिला पैसा मोठ्या, सपाट बोर्डावर घालावा. जुना मिळाला तरी चालेल. वजन ७५ किलोच्या वर असेल तर त्यानंतर १४-१५ चा, एका आडव्या नळीचा हलका पतंग. जुना घेताना तो फुगवून तासभर ठेवावा, हवा उतरते का पाहावे, आणि कापड उन्हाने ठिसूळ झालेले नाही ना हे बोटांनी तपासावे. फॉइल घ्यावे ते वाऱ्याच्या उगमाकडे न चुकता परत येता येऊ लागल्यावर. आणि १७ चा अवजड पतंग कोणी कितीही स्वस्तात देऊ केला, तरी गोव्याच्या किनाऱ्यासाठी तो घेऊ नये.