होहोबा : नर की मादी?

शाम्पूच्या बाटलीवरचा 'जोजोबा' आपण सगळ्यांनी वाचलाय. खरा उच्चार होहोबा. अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटातलं हे झुडूप. बियांचं जवळपास निम्मं वजन तेलाचं, तेही खरं तर पातळ मेण! भारतात ते जोधपूरच्या 'काझरी'ने १९६५ मध्ये आणलं.

गोची अशी की नर-मादी झाडं वेगळी. बी पेरलं तर साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि हे कळतं फुलं आल्यावर, तीन-चार वर्षांनी. तोवर शेतकऱ्याने पाणी, खुरपणी सगळं केलेलं असतं. परागण वाऱ्याने होतं, म्हणून दहा माद्यांमागे एखादा नर पुरतो. बाकीचे उपटायचे.

इथे टिश्यू कल्चर कामी येतं. भरपूर बी देणाऱ्या मादीच्या फांदीचे, डोळा असलेले तुकडे निर्जंतुक करून साखर, क्षार आणि सायटोकायनिन घातलेल्या माध्यमावर ठेवतात. फुटवे आले की ऑक्सिन देऊन मुळं आणतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, चालणाऱ्या कोडची कॉपी. पण जळगावच्या केळीइतकं हे सोपं नाही. होहोबाला मुळं फुटता फुटत नाहीत, आणि बाटलीतल्या दमट हवेतून बाहेर काढलेली रोपं पटकन सुकतात.

सोनागिरीतले आमचे एक काका निवृत्तीनंतर शेतात होहोबा लावायचं म्हणत होते. मी म्हटलं, "काका, भोपाळची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, त्याला निचरा हवा. राजस्थानात जमीन घेतलीत तर लावा. पण रोपवाटिकेत आधी विचारा, यात माद्या किती?"